बदामाबाहेरचा कान

लुबनानं बाळाच्या तोंडावर पिवळा बदाम चिकटवला होता,
तीट लावावी तसा. तीट टिकलीएवढी असते,
हा हनुवटीपासून जावळापर्यंत.
खाली लिहिलं होतं : इलियास, पाच महिने. माशाअल्ला म्हणा.

पण एक कान बाहेर राहिला.

रात्री पावणेदोनला रॉटरडॅम झोपलेलं,
मास नदीवरच्या क्रेनसुद्धा.
मी दोन बोटांनी तो कान मोठा केला.
पाळीवर लव होती. आतली वळणं
अजून ओली वाटत होती,
चाकावरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी.
किती वेळ पाहिलं ते फोनला ठाऊक, मी सांगणार नाही.
अंगठ्यानं एक लाल बदाम दिला
आणि फोन उशीखाली सारला.
माशाअल्ला म्हटलं का?
ओठ हलले होते. पण ओठ काय,
हल्ली झोपेतही हलतात.

चौथ्या दिवशी ताप. एकोणचाळीस पॉइंट सहा.
डावा कान. तोच.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिवाळाच आहे,
थोरली पाळणाघरातून घेऊन येते, याला देते.
लुबनानं औषध पाजलं, सुरा पढून फुंकरही घातली,
आणि घरच्या ग्रुपवर तिचा आवाज आला, रडून बसलेला :
"सहाशे बारा जणांनी पाहिलंय.
ज्याची लागते त्याच्या वजूचं पाणी घ्यावं म्हणतात.
कुणाकुणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहू?"

मरवान, माझा भाऊ, संख्याशास्त्र शिकतो.
म्हणाला, त्या सहाशे बारांत मीपण आहे,
आणि मी तर बघितलंही नाही. नुसतं सरकवलं.
आई कांदा चिरत होती.
"सरकवणाऱ्याची नाही लागत," म्हणाली.
"थांबणाऱ्याची लागते."
माझ्याकडे बघत नव्हती ती.

मार्चमध्ये मीही एक खोली रंगवली होती.
आता तिथे इस्त्रीची फळी असते.
एकालाही फोटो पाठवला नव्हता,
बातमी ओठाबाहेर काढली नव्हती.
तरी.

फजरला उठले. पायाशी परात ठेवली
आणि वजू केली तिच्यावर वाकून :
हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत, डोकं.
मग कान.
कानांशी थोडी थांबले.
परातीतलं पाणी पाण्यासारखंच होतं.
मला वाटलं होतं, काही असलंच मनात
तर निदान गढूळ तरी होईल.

संत्र्याच्या रसाची बाटली, लेबल नखानं खरवडलेलं.
ट्राममध्ये मांडीवर उभी धरली.
समोर दोन पोरी मनगटं पुढे करून
निळ्या मण्यांच्या बांगड्यांचा फोटो काढत होत्या,
चेहरे चौकटीबाहेर ठेवून.
मी मनात वाक्य घोकत होते :
वाईट नाही बघितलं गं. नुसतं बघितलं.
दर थांब्यावर ते जरा जास्त खोटं वाटायचं.

दार लुबनानं उघडलं. खांद्यावर दुधाचा डाग,
केस कसेतरी बांधलेले. फोटोत नसते ती लुबना.
तिनं बाटली बघितली. मला बघितलं.
"खिडकीत ठेव."

खिडकीत आधीच तीन होत्या.
एक तिच्या सासूची असावी, झमझमच्या डब्यात भरलेली.
एक जॅमची बरणी, लाल चौकड्यांच्या झाकणाची.
ते झाकण मी ओळखते,
आमच्या घरात त्यात जिरं असतं.
तिसरी औषधाची, मापाच्या रेघा असलेली.
"ती माझी," लुबना म्हणाली.
"सगळ्यात जास्त तर मीच बघते त्याला."

आत तो कुरकुरला. कानात कापसाचा बोळा,
तोंडावर काहीच नाही.
"घे ना," ती म्हणाली.
मी आधी म्हटलं, चांगलं मोठ्यानं,
आणि मग पाहिलं.

नाक थेट मरवानचं.